महालक्ष्म्यांची पेटी

प्रतीकला खरा तपशील लागायचा. प्रतीक म्हणजे नोएडातल्या एका कंपनीत आम्हा पाच-सहा लेखकांवरचा मुकादम. टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या गुन्ह्यांच्या मालिकेचे एपिसोड आम्ही त्याच्यासाठी लिहायचो. खून कसा झाला, पोलीस कुठून आले, हे तो स्वतःच ठरवायचा. "वो सब मैं देख लूँगा," म्हणायचा, "तू घर के अंदर की कोई ऐसी चीज़ ला जो बनाई हुई न लगे." मी आणायचो. परभणीहून कलेक्टर व्हायला दिल्लीत आलो, चारदा परीक्षा दिली, चारही वेळा आपटलो, आणि मुनिरक्याच्या एका खोलीत बसून दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी पुरवायला लागलो. आईला अजून वाटतं की मी अभ्यास करतो.

घर म्हणाल तर दिल्लीत मला एकच होतं, मयूर विहारमधलं अक्षताताईचं. ताई माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान नरसिंहभाऊजी केंद्र सरकारच्या एका खात्यात अंडर सेक्रेटरी. मुलगी सृष्टी, दहावीत. दर रविवारी मी मेट्रोने तिकडे जेवायला जायचो आणि भाऊजी मला आग्रह करकरून वाढायचे. सोसायटीत आणि तिथल्या मराठी मंडळात त्यांना मोठा मान होता. जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला बस न्यायची तर यादी, पाण्याच्या बाटल्या, भाषण, सगळं त्यांच्याकडे. भाषणाच्या शेवटी त्यांचा गळा दाटून यायचा, आणि तो खरोखरच दाटायचा. त्या माणसाचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा. ढोंगी असता तर ओळखता आला असता.

मला पहिल्यांदा कळलं ते दिवाळीच्या आधीच्या रविवारी. भाऊजी मंडळाच्या मीटिंगला गेले होते, सृष्टी क्लासला. ताई चकल्या करत होती. पीठ भरलेला सोऱ्या तिने माझ्या हातात दिला. "तू दाब रे. माझा खांदा चालत नाही."

"का? पडलीस की काय?"

ती कढईकडे बघत राहिली. मग एखाद्या शेजारणीविषयी सांगावं तशा आवाजात तिने सोळा वर्षांचं सगळं सांगितलं. मी चकल्या पाडत होतो आणि ती सांगत होती. भाजीत मीठ कमी-जास्त झालं म्हणून वगैरे नव्हे, कारण लागतच नाही, म्हणाली. जिथे दिसणार नाही तिथेच मारतो. फोन बघतो, पर्स बघतो, कपाट बघतो, उशांचे अभ्रे काढून बघतो. एकदा सृष्टी मध्ये आली तर तिलाही भिंतीवर ढकललं. त्या दिवशी मी ठरवलं, म्हणाली.

"काय ठरवलंस?"

"तिची दहावी झाली की निघायचं. नाशिकला माझी मैत्रीण शाळा चालवते, ती घेते म्हणालीय मला. पण सर्टिफिकिटं पाहिजेत ना, ओरिजिनल. माझं बी.एड., सृष्टीचा जन्मदाखला. घरात ठेवायला सुईएवढी जागा नाही. मग मी ते महालक्ष्म्यांच्या पेटीत ठेवलं."

महालक्ष्म्या म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या गौरी. ताईच्या सासरचे मुखवटे पितळेचे, तीन पिढ्यांचे, देवघराखालच्या कपाटात पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. वर्षातून एकदा भाद्रपदात निघायचे, आणि तेही घरच्या किंवा बाहेरच्या सवाष्णीच्या हातूनच. पुरुषाने त्या पेटीला शिवायचं नाही असा त्यांच्या घराचा दंडक. भाऊजींच्या काकांनी एकदा दारूच्या नशेत ती पेटी लाथेने सरकवली होती म्हणे, आणि महिन्याच्या आत त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. भाऊजींनी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जगात तो एकाच गोष्टीला घाबरतो," ताई म्हणाली आणि तिला चक्क हसू आलं. मग तिने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. "अमोल, कुणाला बोलू नकोस हं. आईलासुद्धा नाही."

"वेडी आहेस का? मी कुणाला सांगणार?" मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी मी ते लिहिलं. का लिहिलं याची मी स्वतःला बरीच छान छान कारणं दिली. अशा हजारो बायका आहेत, त्यातल्या एकीने जरी बघून हिंमत केली तरी पुष्कळ, वगैरे. सगळा खोटेपणा. प्रतीक दोन दिवस डोक्यावर बसला होता, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि हे चांगलं होतं. लिहायला घेतलं तर सपासप आलं. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि ते मला लिहिता लिहिताच कळत होतं. लाज नाही वाटली. मजा आली. हेच खरं.

सगळं बदललंय असं मी स्वतःला बजावलं. कुटुंब पंजाबी केलं, गाझियाबादचं. नवरा कापडाचा व्यापारी, मुलीच्या जागी मुलगा केला. महालक्ष्म्यांच्या पेटीची माता की चौकीची पेटी झाली, आत चुनरी आणि चांदीचा मुकुट. पण पेटीला हात न लावणारा नवरा तसाच ठेवला, कारण त्याच्यावरच तर सगळा एपिसोड उभा होता. "वो दुनिया में एक ही चीज़ से डरते हैं," हे वाक्यही ठेवलं. प्रतीक खुर्चीतून उठला होता ते वाचून. "ये कहाँ से लाया यार?" म्हणाला. मी मान हलवून हसलो.

डिसेंबरात शूटिंग झालं. जानेवारीत प्रतीक म्हणाला, चॅनेलने तो एपिसोड बाजूला ठेवलाय, बहुतेक दाखवणारच नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, तेही सांगून टाकतो.

फेब्रुवारीच्या मध्यात माझा दुसरा एक एपिसोड लागणार होता, सराफाच्या दुकानातल्या चोरीचा. भाऊजींना मीच उत्साहाने फोन करून सांगितलं. ते एकदम खूश. "अरे वा, साले साहब! मग इकडेच ये, सगळे मिळून बघू." सृष्टीचा पहिला पेपर मंगळवारी होता, पण एक तास बघू दे तिलाही, मामाचं नाव येणार टीव्हीवर, म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या उल्हासकाका आणि भानुमतीकाकूंनाही त्यांनी बोलावलं. मी पोचलो तेव्हा ताईने चपलांच्या स्टँडपाशी हळूच सांगितलं, "तिकिटं काढली. शेवटचा पेपर सतरा मार्चला, आमची गाडी अठराला. ऑर्डरही आली शाळेची. सगळं तिथेच ठेवलंय." तिचे डोळे इतके चमकत होते की मला भीती वाटली, कुणाच्या लक्षात येईल.

पाच वाजता आम्ही सगळे बसलो. मध्ये टीपॉयवर कांदाभजी. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर एक बाई डाव्या हाताने कणीक मळत होती. उजवा खांदा तिने अंगाशी घट्ट धरला होता.

मी खिशातून फोन काढला. आमच्या लेखकांचा ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता, कारण तिथे दिवसभर फुलांचे फोटो यायचे. शुक्रवारचा मेसेज तिथे पडला होता: सराफाच्या एपिसोडचं काहीतरी कायद्याचं लफडं झालंय, या रविवारी गाझियाबादवाला जाणार.

"भाऊजी, हा नाही माझा," मी म्हणालो. "दुसराच लावलाय यांनी. बंद करा, बोअर आहे."

तेवढ्यात खाली माझं नाव आलं. भानुमतीकाकूंनी टाळ्या वाजवल्या. "अरे, हे काय लिहिलंय ढळढळीत! लाजतोस काय?"

मी ताईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती. तिला तो खांदा बघूनच कळलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडेही नाही. ती भाऊजींकडे बघत होती.

पडद्यावरच्या नवऱ्याने बायकोला पहिल्यांदा मारलं तेव्हा उल्हासकाका म्हणाले, "असल्या माणसाला भर चौकात फोडला पाहिजे."

"फोडलाच पाहिजे," भाऊजी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. बायकोला मारणारा तो कापडवाला त्यांना दुसराच कुणीतरी वाटत होता. माझ्या मनात आलं, हा माणूस स्वतःला ओळखतच नाही, म्हणजे कदाचित वाचलो.

मग पेटी आली. बाईने चुनरी उचलली, खाली कागद ठेवले, वर मुकुट ठेवला. नवरा खोलीत आला, सगळी कपाटं उलथीपालथी केली, पेटीसमोर थांबला, हात जोडले आणि मागे फिरला. मैत्रिणीला फोनवर ती म्हणाली, "वो दुनिया में एक ही चीज़ से डरते हैं."

भाऊजींच्या हातात भजं होतं. ते त्यांनी परत ताटलीत ठेवलं आणि रुमालाने बोटं पुसली. जाहिराती लागल्या. त्यांनी आवाज कमी केला.

"काकू," ते म्हणाले, "एक काम होतं तुमच्याकडे. आमचे महालक्ष्म्यांचे मुखवटे यंदा पॉलिशला द्यायचेत. पितळेला हिरवं चढलंय का, जरा बघता? मला तर शिवता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

"आत्ता?" काकू हसल्या.

"आत्ताच बघा ना. नंतर राहून जातं."

"मी बघते नंतर," ताई म्हणाली. "हात तेलकट आहेत माझे आत्ता."

"म्हणून तर काकूंना सांगतोय."

"भाऊजी, एपिसोड तर संपू दे," मी म्हणालो. "पुढे मोठा ट्विस्ट आहे."

"बघू की," भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले. "ट्विस्ट बघूच."

भानुमतीकाकू साध्या बाई. त्यांनी हात धुतले, पदर खोचला, देवघरापाशी बसल्या आणि पेटी ओढली. झाकण उघडण्याआधी नमस्कार केला. एक मुखवटा काढला, दुसरा काढला. "छान आहेत की गं, कुठे हिरवं..." म्हणत त्यांनी खालचं लुगडं उचललं. त्याखाली प्लास्टिकची निळी फाइल होती.

काकूंनी फाइलकडे बघितलं. मग वळून टीव्हीकडे बघितलं, तिथे साबणाची जाहिरात चालू होती. मग ताईकडे. त्यांना सगळं समजलं होतं, चेहऱ्यावरून शंकाच नव्हती. मी मनात म्हणत होतो, काकू, लुगडं टाका वर. एवढंच करा. काही नाही म्हणा आणि झाकण लावा.

"द्या इकडे," भाऊजी म्हणाले.

काकूंनी फाइल दिली. "अहो, चला," त्या उल्हासकाकांना म्हणाल्या, "दिवेलागण झाली." उल्हासकाका अर्धी भजी तशीच टाकून उठले. काही क्षणांपूर्वी चौकात फोडायला निघालेला माणूस दारातल्या चपला उलट्या पायांत घालून जिना उतरला.

भाऊजींनी फाइल टीपॉयवर ठेवली आणि एकेक कागद वाचला. घाई नाही. ऑफिसात नोटिंग वाचतात तसं. तिकिटं वाचली, शाळेची ऑर्डर दोनदा वाचली. "सृष्टी, तुझं अ‍ॅडमिट कार्ड आण बेटा." तिने आणून दिलं. तेही त्यांनी फाइलमध्ये घातलं, फाइल ऑफिसच्या बॅगेत आणि बॅगेला नंबरचं कुलूप. "आता आत जा. अभ्यास कर." मग ते उठले, ताईचा उजवा हात मनगटाशी धरला आणि हळूहळू पाठीमागे वळवला. ताईच्या तोंडून आवाज आला नाही. सोळा वर्षांची सवय.

"सोडा तिला!" मी ओरडलो.

"बैस तू," ते म्हणाले. "तुला लिहायला लागेल ना. नीट बघ."

मी बाल्कनीत जाऊन एकशे बारा फिरवला.

पोलीस वीसेक मिनिटांत आले, दोघे. एक तरुण, एक पन्नाशीचा, पोट सुटलेला, दमलेला. तोवर भाऊजींनी शर्टाची बटणं नीट केली होती आणि टीव्ही बंद केला होता. दार त्यांनीच उघडलं. आयकार्ड दाखवलं, खुर्च्या दिल्या, ताईला पाणी आणायला सांगितलं.

"कॉल किसने किया?"

"मैंने," मी म्हणालो. "ये मेरी बहन को मारते हैं. सोलह साल से. अभी मेरे सामने हाथ मरोड़ा."

"मेरा साला है," भाऊजी म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले की पोलीसही जरा हसला. "सीरियल लिखता है. एग्ज़ाम में कुछ हुआ नहीं, थोड़ा परेशान रहता है. अभी हम सब इसी का एपिसोड देख रहे थे."

"कौन सा सीरियल?"

भाऊजींनी नाव सांगितलं.

"अरे, वो! मेरी मिसेज तो एक नहीं छोड़ती." पोलिसाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आप लिखते हो? बढ़िया."

"मैंने वो एपिसोड इसी घर से लिखा है! यही सब यहाँ होता है, पेटी भी यही है!" मी देवघराखालच्या पेटीकडे धावलो आणि झाकण उघडलं. आत पितळेचे दोन चेहरे होते, काकूंनी घाईघाईत तिरके ठेवलेले. पोलिसाने टोपी काढून हात जोडले.

"काग़ज़ इनके बैग में हैं," मी म्हणालो.

"फ़ैमिली के काग़ज़ मेरे बैग में ही रहते हैं," भाऊजी म्हणाले.

"लेडी पुलिस बुलाइए. इनसे अलग से पूछिए."

पोलिसाने ताईला विचारलं खरं. पण भाऊजी तिथेच, तिच्याहून हातभर अंतरावर उभे होते, आणि बॅग त्यांच्या पायाशी. "मैडम, कोई प्रॉब्लम है?"

ताईने बॅगेकडे बघितलं. मंगळवारचा पेपर त्या बॅगेत होता. "नहीं," ती म्हणाली.

पोलीस उठले. तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सृष्टी बाहेर आली. ती सरळ त्या मोठ्या पोलिसासमोर जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची पोर. तिथे एवढी माणसं येऊन गेली, त्यांच्यात हिंमत फक्त तिच्याकडे होती.

"अंकल, मारते हैं. पापा मम्मी को मारते हैं. ऐसी जगह, जहाँ दिखता नहीं."

हेच वाक्य मी एपिसोडमध्ये घातलं होतं. दिवाळीत ताईने सांगितलेलं, शब्दाला शब्द. तासाभरापूर्वी पडद्यावरच्या मुलाने ते म्हटलं होतं.

पोलिसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. "बेटा, आपने भी वो एपिसोड देखा ना अभी?"

"हाँ, पर वो तो—"

"बस. बच्चे देख के डर जाते हैं." मग भाऊजींकडे वळून, "साहब, बोर्ड के टाइम टीवी बंद रखा करो घर में."

"बिल्कुल," भाऊजी म्हणाले. "मेरी ही ग़लती है." आणि ते त्यांना गेटपर्यंत पोचवायला खाली गेले.

आम्हा तिघांना दोन मिनिटं मिळाली. "चल आत्ता," मी ताईला म्हणालो. "सृष्टीला घे. अशीच चल, मी टॅक्सी बोलावतो."

"आणि परवाचा पेपर? कार्ड कुठंय? वर्ष घालवू तिचं?" ती खांदा चोळत होती. "तू जा, अमोल."

"मी नाही जाणार. मी इथेच झोपतो आज."

"आज झोपशील. उद्या? परवा?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तू बसलायस तोवर तो हात लावणार नाही. पण जितका वेळ बसशील तितकं साठत जाईल. मला माहितेय ना त्याचं. जा."

मी सृष्टीकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं. सॉरी म्हणालो, आणि म्हणताच तो शब्द किती हलका आहे ते कळलं.

"मामा," ती म्हणाली, "आता मी कुणालाही खरं सांगितलं ना, तर सगळ्यांना ते तुझंच वाटणार."

मी चपला घातल्या. दुसऱ्या मजल्यावर उल्हासकाकांचं दार बंद होतं, आत टीव्ही चालू होता. पहिल्या मजल्यापाशी भाऊजी वर येताना भेटले. एका हाताने कठडा धरून, जरा धापा टाकत, पन्नाशीला टेकलेल्या कुठल्याही माणसासारखे.

"निघालास? जेवून जायचं होतंस."

मनात सगळं होतं. त्यांची कॉलर धरावी, त्यांना खाली लोटावं, आरडाओरडा करून अख्खी सोसायटी गोळा करावी. ते माझ्यासमोर दोन पायऱ्या खाली उभे होते, वाट बघत.

जिना अरुंद होता. त्यांना वर जाता यावं म्हणून मी भिंतीला अंग टेकवून बाजूला झालो.